मदत हवी आहे: कोऱ्या नाण्याची आणि कोऱ्या सोंगटीची किंमत

नमस्कार मंडळी, काकांच्या जुन्या डब्यात एक चकती सापडली आहे. दोन्ही बाजू कोऱ्या, पण कडा किंचित उचललेल्या. लोहचुंबकाला चिकटते. सोनाराच्या काट्यावर वजन ४.८५ ग्रॅम, व्यास २५ मिमी. हेच माप १९९२ ते २०११ दरम्यानच्या स्टीलच्या रुपयाचं आणि २०११ च्या दोन रुपयांचंही, त्यामुळे छापायची राहिलेली ही चकती नेमकी कशाची, हे कसं ठरवायचं? की कुणी छाप घासून काढलाय? पण तसं असतं तर वजन कमी भरलं असतं ना?

घरचे म्हणतात, नाशिकरोडच्या प्रेसमधून आली असेल. तिथे नोटा छापतात हो, नाणी नाही! नाणी पडतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला.

कॉलेज रोडचा एक ओळखीचा दुकानदार 'वीस रुपये देतो' म्हणाला. घाई नाही. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत अशी आधुनिक वस्तू बघून देतात का? कुणी गेलंय? आणि टांकसाळीतला असा माल घरात ठेवणं कायद्यात बसतं का?

त्याच डब्यात स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळाच्या लाकडी सोंगट्याही आहेत. शंभरात कोऱ्या दोन, इथे एकच उरली आहे. तिला गुण शून्य, पण ती कुठल्याही अक्षराच्या जागी चालते, म्हणून खेळताना हातात तीच यावी असं प्रत्येकाला वाटतं. जुनी सुटी कोरी सोंगटी कुणाकडे असेल तर सांगा, योग्य किंमत देईन.