कोकणातल्या घरात मॉड्युलर किचन नकोच!

खाडीकाठ

गुहागर तालुक्यातलं आमचं जुनं घर दुरुस्तीला काढलंय. चिऱ्याच्या भिंती ठेवायच्या, कौलं शाकारून घ्यायची, इथवर सगळ्यांचं एकमत. घोडं अडलंय ते स्वयंपाकघरापाशी. मुंबईचा भाऊ म्हणतो, मॉड्युलर बसवून टाकू, झटपट होतं आणि दिसायलाही छान. माझा याला ठाम विरोध आहे.

आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. श्रावणापर्यंत मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. या हवेत पार्टिकल बोर्ड नाहीतर एमडीएफची कपाटं, म्हणजे मूळचा लाकडाचा भुसाच, कशी टिकायची? वाडीतल्याच एका घरात सिंकखालचं दार नीट निरखून पाहिलं. कडेची पट्टी सुटलेली, आतला बोर्ड पुरीसारखा टम्म फुगलेला, बिजागरीचे स्क्रू भुशासकट बाहेर आलेले. दार उघडताना एका हाताने उचलून धरावं लागतं. त्यात आमचं घर वर्षातले बरेच महिने बंद. बंद घरातलं बंद कपाट गणपतीला उघडलं की आधी बुरशीचा भपकारा येतो.

माझा बेत असा: चिऱ्याच्या आडभिंतींवर ओटा, वर ग्रॅनाईट, खाली कडप्प्याचे बिनदाराचे कप्पे. भिंतीतले कोनाडे आहेत तसे राहू द्यायचे. मागच्या पडवीत चूल. कुणाला यात खोट दिसत असेल तर जरूर सांगा.

रानभेंडी

खोट आहे. या ओट्यापाशी उभं कोण राहणार, हे तुमच्या लिहिण्यात कुठेच आलेलं नाही.

मी याच पट्ट्यातली सून. कडप्प्याचा कप्पा दोन फूट खोल असतो. मागचं पातेलं हवं असेल तर उकिडवं बसा, पुढचे चार डबे बाहेर काढा, हात घालून चाचपा, मग चारही परत आत लावा. गणपतीत पंगतीवर पंगती उठतात, एकीकडे मोदकांची उकड काढायची, दुसरीकडे काळ्या वाटाण्याची आमटी, तेव्हा हे दिवसभर चालतं. ड्रॉवर ओढला की आतलं सगळं वरून दिसतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला ही चैन नाही, गरज आहे.

आणि बिनदाराचे कप्पे? पाली, झुरळं, उंदीर. आमच्याकडे सासूबाई प्रत्येक भांडं वापरण्याआधी पुन्हा विसळून घेत. दोनदा घासायचं, दोनदा पाणी ओढायचं. जुनी पद्धत सुंदर म्हणताना तिचं काम कोण करत होतं तेही बघा.

मॉड्युलर म्हणजे भुशाचा बोर्डच, हे गृहीत का धरलंत? स्टेनलेस स्टीलचे सांगाडे आता सगळीकडे मिळतात.

किंजळ

धंद्याने सुतार आहे, म्हणून वस्तूंबद्दल लिहितो.

स्टील म्हटलं तरी कुठलं ते विचारा. २०२ नंबरचं स्वस्त पडतं, पण खाऱ्या वाऱ्यावर त्याला लवकर तांबेरा धरतो. ३०४ घ्या. घर अगदी समुद्राला लागून असेल तर ३१६, ते महाग आहे पण मिठाला जास्त दाद देत नाही. सांगाडा ३०४ चा आणि ड्रॉवर सरकवणारे चॅनल, स्क्रू साधे लोखंडी असं केलंत तर पैसे पाण्यात. आधी तेच गंजतात आणि ड्रॉवर अडकतो.

लाकडातच करायचं असेल तर आयएस ७१० (भारतीय मानक) चा शिक्का असलेलं मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवूड. सगळ्या कडा बंद करून घ्यायच्या, पाइपासाठी पाडलेल्या भोकाच्या कडासुद्धा. पाणी तिथूनच शिरतं. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, त्यामुळे कपाटाची पाठ भिंतीला चिकटवू नका, बोटभर फट ठेवा. लाकूड जमिनीला टेकवायचं नाही, नाहीतर वाळवीला आमंत्रण.

खाडीकाठ, कडप्प्याबद्दल एक लक्षात घ्या. तो चुनखडीचा दगड. कोकमाचं आगळ, लिंबू, चिंच सांडली आणि तशीच राहिली की पांढुरका डाग पडतो आणि जात नाही. कप्प्यांना चालेल, ओट्यावर नको. ग्रॅनाईटचं तुमचं बरोबर आहे.

माडाखाली

कपाटाचा काय ता मागाहून बघा. मासे खय साफ करतलास? तारल्यांची खवळा टाइल्सार उडतत आणि सिंक तुंबता. आमच्याकडे मागीलदारी पाथर आसा. थयच आडाळो (विळी), थयच पाणी, आणि ता पाणी माडाक जाता. नवीन घर बांधणारे पयली हीच जागा बुजवतत.

रानभेंडी

मागीलदार हवंच, माडाखाली. पण भर पावसात पागोळ्यांखाली आडाळ्यावर बसून मासे कोण कापतं? तिथे वर पत्रा, खाली न घसरणारी फरशी आणि उभं राहून काम करता येईल असा दगड, एवढं या दुरुस्तीतच करून घ्या. खोबरं खवायलाही तीच जागा कामी येते.

वाशिष्ठीकाठ

मी दगडाच्या बाजूने. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला आमच्या नातेवाइकांच्या घरात पाणी शिरलं. बोर्डाची कपाटं चिखलासकट ट्रॉलीत भरून टाकून द्यावी लागली. ओटा आणि कडप्पा पाण्याच्या फवाऱ्याने धुतला आणि त्यावरच पहिला चहा झाला. फॅशन कुठलीही येवो, दगडी ओट्याला हात लावू नका.

खाडीकाठ

रानभेंडीताई, ड्रॉवरचा मुद्दा पटला. रोजची भांडी आणि डबे जिथे लागतात तिथे ३०४ चे ड्रॉवर घालू. पण चिऱ्याचा सांगाडा मी सोडणार नाही. आत काही बिघडलं तर तेवढंच बदलता येईल, ओटा उभाच राहील.

बिनदाराच्या कप्प्यांबद्दलचं माझं मत कायम आहे. दारं लावायचीच तर जाळीची. आमच्याकडे आजीचं जाळीचं फडताळ आहे. त्याचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात, मुंगी चढत नाही, वारा खेळतो, आत दुधावरची साय सुखरूप. ओट्याखाली हाच विचार करू.

चुलीबद्दल कुणीच काही बोललं नाही. धुराने वासे काळे पडतात पण कीड लागत नाही, आणि वर टांगलेली सुकी मासळी पावसातही नीट राहते.

रानभेंडी

वाशांना धूर मानवत असेल, फुप्फुसांना नाही. आंघोळीचं पाणी तापवायला, हौसेने घावणे घालायला पडवीत चूल ठेवा, मीही ठेवली आहे. रोजचा स्वयंपाक तिच्यावर ढकलू नका.

किंजळ

गॅसचंही ठरवून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. सिलिंडर बंद कपाटात कोंडू नका. कपाटात ठेवलाच तर दाराला अगदी तळाशी जाळी हवी, आणि भिंतीला खालच्या अंगाला बाहेर उघडणारा झरोका. वरच्या एक्झॉस्ट फॅनने हे काम होत नाही.

रानभेंडी

एवढी चर्चा झाली, पण ओट्याची उंची अजून कुणी लिहिली नाही. गवंडी सवयीने ३२-३४ इंच धरतात. तसं नको. जी रांधणार तिला उभं करा, कोपरात हात दुमडायला लावा आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली खूण करा. भाऊ आणि तुम्हीही रांधणार असाल तर तुमचंही माप घ्या. पुरुषाची उंची जास्त असेल तर गॅसचा भाग आणि कापण्या-चिरण्याचा भाग वेगवेगळ्या उंचीचा ठेवता येतो. चिरा बसायच्या आधी हे करा, एकदा ग्रॅनाईट पडला की गवंडी पुन्हा हात लावत नाही.