ओवेन जोन्सच्या तेराव्या नियमावर घोडं अडलंय, मराठी शब्द सुचवा

मंडळी, नमस्कार.

हातमागावर नव्याने बसलेल्या काही मुलामुलींसाठी ओवेन जोन्स या ब्रिटिश वास्तुकाराच्या ‘द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’ (१८५६) या नक्षीवरच्या पुस्तकातले ३७ नियम सोप्या मराठीत उतरवतेय. बारा झाले, तेराव्याशी अडले.

नियम असा: फुलं-पानं जशीच्या तशी नक्षीत घालू नयेत. त्यांच्यावरून बेतलेले ‘कन्व्हेन्शनल’ आकार घ्यावेत. मूळ फूल मनात यावं, पण ज्या वस्तूवर ते काढलंय तिचा एकसंधपणा मोडू नये. त्या काळच्या विलायती गालिच्यांवर इतकी हुबेहूब फुलं असायची की पाय ठेवायला भीती वाटावी, असा त्याचा टोमणा होता.

तर ‘कन्व्हेन्शनल’ला काय म्हणू? कोशात ‘रूढ’ सापडतं. रूढ फूल म्हणजे काय, जास्वंद? ‘सांकेतिक’ म्हटलं की गुप्त लिपी आठवते.

दुसरी शंका. जोन्स १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात भारतीय कापडं बघून हरखला होता. (ते प्रदर्शन जिथे भरलं त्या क्रिस्टल पॅलेस इमारतीच्या आतल्या लोखंडाचे लाल-पिवळे-निळे रंगही त्यानेच ठरवलेले.) पुस्तकातल्या भारतावरच्या प्रकरणात तो लिहितो की, सोनेरी जमिनीवर (म्हणजे पार्श्वभूमीवर) रंगीत आकार असेल तर त्याला गडद रंगाची कड असते. हाच त्याचा तिसावा नियम. वाचता वाचता उठले आणि आजीची पैठणी काढली. पदराच्या जरीत हिरवा पोपट, भोवती बारीक काळपट रेघ! इतकी वर्षं मी ती रेघ म्हणजे जरीच्या तारा काळवंडल्याची खूण समजत होते. या रेघेला विणकर काय म्हणतात?

प्रतिसाद: चित्रकला शिकवतो म्हणून सांगतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतल्या संकल्पचित्रात नैसर्गिक, अलंकारिक, भौमितिक आकार असंच म्हणतात. तुमचा शब्द ‘अलंकारिक’. पण आधी मुलांना खरं जास्वंद समोर ठेवून काढायला लावा. मग तेच आलेखाच्या कागदावर, चौकोन भरून. पाकळीची मुरड चौकोनात बसत नाही, तिथे काय सोडायचं ते हातच ठरवतो. शब्द त्यानंतर सांगा.

धागाकर्ती: अरे वा, इंटरमिजिएट मीही दिली होती, तरी सुचलं नाही! ‘अलंकारिक’ पक्कं, जास्वंदही आणते. आता ती काळी रेघ. येवला-पैठणकडचं कुणी आहे का इथे?