गिनतामाचा शेवट कुणाला खरंच पटला का?

कुंपणावरची

(खाली सगळा शेवट फोडलेला आहे. बघायचं बाकी असेल तर इथूनच मागे फिरा, नंतर मला शिव्या घालू नका.)

गेल्या महिन्यात एकदाचं गिनतामा, ही जपानी अ‍ॅनिमे मालिका, संपवलं. ३६७ भाग, २०१० आणि २०१३ चे दोन्ही चित्रपट, ते 'सेमी-फायनल'चे दोन भाग आणि २०२१ चा 'द फायनल'. आतेबहिणीबरोबर बघितलं. ती चिंचवडला, मी नाशिकला, फोन चालू ठेवून एकाच वेळी प्ले दाबायचं. शेवटचा चित्रपट संपला, नावं वर सरकायला लागली आणि ती म्हणाली, "ताई, आत्ता आपण रडायला हवं होतं ना?" मला काही बोलताच आलं नाही, कारण माझंही डोकं सुन्न वगैरे काही झालेलं नव्हतं. मी मनातल्या मनात उद्याच्या डब्याला काय करायचं ते ठरवत होते.

आता, गंभीर झालं म्हणून माझी तक्रार आहे असं समजू नका. बेनिझाकुराचं प्रकरण सुरुवातीच्या काळातलंच आहे, योशिवाराचं त्यानंतरचं. रक्त, तलवारी, मेलेल्या माणसांचे शब्द हे सगळं पहिल्यापासून होतंच. मला शोगुन, म्हणजे देशाचा सत्ताधीश, शिगेशिगेबद्दल बोलायचं आहे.

हा माणूस पहिल्यांदा होस्टेस क्लबात येतो तेव्हा ओताए आणि मंडळी त्याच्याशी 'राजा कोण'चा खेळ खेळतात आणि देशाचा शोगुन चड्डीवर येऊन बसतो. तोंडावर मात्र तोच शांतपणा, जणू दरबार भरलाय. मग तो न्हाव्याच्या दुकानात येतो. मग बर्फावर घसरायला जातो तेव्हा आपला नायक गिनतोकी त्यालाच पायाखाली घेऊन घसरतो. दर वेळी आपल्याला माहीत असतं की बिचाऱ्याची आता शोभा होणार, आणि दर वेळी हसून पोट दुखतं. वर्षानुवर्षं हे चाललेलं असतं. आणि मग २०१५ च्या मालिकेत त्याला मारायचा कट होतो, तो त्यातून वाचतो, आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि लहानपणीच्या मित्राच्या हातून विष टोचलं जाऊन तो बहिणीच्या मांडीवर जातो. त्या रात्री मी जेवले नाही. खोटं नाही सांगत. तीन वेळा ज्याच्या चड्डीला हसले त्याच माणसासाठी रडत होते, आणि हे असं कुणालाही जमत नाही.

आता उत्सुरो घ्या. शेवटचा खलनायक. अल्ताना म्हणे ग्रहाची शक्ती, त्यातून अमरत्व, त्याच्या आत कितीतरी उत्सुरो, त्यातलाच एक म्हणजे गिनतोकीचे शोयो गुरुजी. ऐकायला भारी आहे. पण या माणसावर मी मनापासून एकदा तरी हसले का? नाही. तो काबुकीचोच्या, म्हणजे गिनतोकीच्या मोहल्ल्याच्या, गल्लीत कधी आलाच नाही. ओतोसेच्या बारमध्ये उधारी केली नाही, गिनतोकीच्या दुकानातल्या शिनपाचीने त्याला ओरडून एकदाही वेड्यात काढलं नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी मालिकेतून उचलून आणून ठेवल्यासारखा वाटतो. आणि शेवटची सगळी लढाई त्याच्याभोवती.

दुसरं, ती 'दोन वर्षांनंतर'ची उडी. २०११ मध्ये मालिका वर्षभराच्या सुट्टीनंतर परत आली तेव्हा पहिल्याच दोन भागांत यांनी याच युक्तीची धुलाई केली होती! सगळे अचानक मोठे, देखणे, बदललेले, आणि बिचारा शिनपाची एकटाच होता तसा. शेवटी कळतं की अंगात परजीवी शिरलेत. लांबलचक मालिकांच्या या सवयीची इतकी छान टर मी कुठे पाहिली नव्हती. आणि मग खऱ्या शेवटाला तीच उडी. गिनतोकी निघून गेलेला, कागुरा निघून गेलेली, शिनपाची एकटाच त्यांचं पडेल-ते-काम करणारं दुकान सांभाळतोय. तिघं एका खोलीत बसून भाडं कसं बुडवायचं यावर भांडतात, यावर ज्या गोष्टीचा डोलारा उभा, तिच्या शेवटच्या टप्प्यात तिघांना एकमेकांना शोधत फिरवायचं?

माझंच काही चुकतंय का? की दमून गेल्यामुळे असं झालं? ज्यांना शेवट आवडला त्यांच्याकडून खरंच ऐकायचं आहे.

---

भुसावळ_जंक्शन

आवडला. ठणकावून सांगतो, आवडला.

ताई, तुम्ही उत्सुरोवर सगळा राग काढलात आणि गिनतोकीचा लहानपणचा मित्र ताकासुगी, त्याचं नावच घेतलं नाहीत! शेवट उत्सुरोचा नाहीच, तो ताकासुगीचा आहे. बेनिझाकुरात डोळ्याला पट्टी बांधून, हातात पाइप घेऊन उभा असलेला तो माणूस, "हे जग मोडून टाकीन" म्हणणारा. दोघांच्या गुरुजींचं, शोयोचं डोकं उडवायची वेळ गिनतोकीवर आली, ते पाहणारा ताकासुगी. त्याच्या गमावलेल्या डोळ्याने शेवटचं काय पाहिलं तर तो रडणारा गिनतोकी. इतक्या वर्षांनी तोच मित्र गिनतोकीच्या हातात जातो आणि जाताना हसतो. यावर तुम्हाला डबा आठवला?

आणि ताकासुगीवर कधी हसलो नाही म्हणाल? याकुल्ट विसरलात? बाकीचे दारू मागवतात आणि साहेब याकुल्ट. आमच्याकडे फ्रीजमध्ये ती छोटी बाटली दिसली की मी अजून हसतो, बायको विचारते काय झालं, काय सांगणार.

---

कुंपणावरची

@भुसावळ_जंक्शन, ताकासुगीचं म्हणणं मान्य. तो प्रसंग चांगलाच आहे. त्याला आवाज देणाऱ्या कोयासूचा आवाज तिथे जे करतो ते शब्दांत सांगता येणार नाही. पण तुम्हीच बघा, तो प्रसंग लागला कुठे? एका याकुल्टने, आणि लहानपणीच्या त्या डोजोमधल्या भांडणांनी. म्हणजे जिथे आधी हसवलं होतं तिथेच लागला. मी तेच म्हणतेय.

---

ओसाकास्थित

शिकायला आलो आणि इथेच राहिलो. २०२१ च्या जानेवारीत थिएटरात बघितला, मास्क लावून, शेजारची खुर्ची रिकामी ठेवून. तेव्हाचं वातावरण सांगतो, म्हणजे निराशेचं अर्धं कारण कळेल.

मुळात हे संपता संपत नव्हतं. मूळ लेखक सोराचींची मांगा, म्हणजे चित्रकथा, जंप साप्ताहिकात २००३ च्या डिसेंबरपासून. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आता शेवट म्हणून मोठी घोषणा झाली, लोकांनी अंक विकत घेतले आणि शेवटच्या पानावर काय, तर गोष्ट संपलीच नाही, पुढचं जंप गिगामध्ये वाचा. गिगात तीन महिने चाललं, तिथेही संपेना. मग पुढचं अ‍ॅपवर. शेवटी २०१९ च्या जूनमध्ये ७०४ व्या प्रकरणाला एकदाची संपली, ७७ खंड झाले. आपल्याकडचा पाहुणा "निघतो आता" म्हणून उठतो आणि दारात चपला घालून आणखी तासभर बोलतो ना, अगदी तस्सं.

टीव्हीवरची मालिका २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली तेव्हा मांगाच पुरी झाली नव्हती, त्यामुळे ३६७ वा भाग हा शेवट नव्हेच. आणि गंमत म्हणजे मधला दुवा असलेला तो 'सेमी-फायनल' चित्रपटानंतर आठवड्याने आला. ८ जानेवारीला चित्रपट, १५ आणि २० तारखेला हे दोन भाग, तेही एका स्ट्रीमिंग सेवेवर. म्हणजे आम्ही आधी शेवट पाहिला, नंतर शेवटाच्या आधीचं. तुम्ही सलग बघितलंत, तुम्ही नशीबवान.

आणि थिएटरात पहिल्या आठवड्यात भेट काय मिळाली माहितीये? सोराचींनी स्वतः काढलेली डीमन स्लेयर या दुसऱ्याच अ‍ॅनिमेच्या पात्रांची कार्डं. स्वतःच्या शेवटच्या चित्रपटाला दुसऱ्याच्या चित्रपटाची कार्डं! त्याच आठवड्यात यांनी बारा आठवडे पहिल्या नंबरवर बसलेल्या डीमन स्लेयरलाच खाली खेचलं. माझ्याकडे त्यातला नायक तंजिरो आला, तो अजून पाकिटात आहे. चित्रपट सुरू होतो तोही ड्रॅगन बॉलची नक्कल करत मागची गोष्ट सांगून. सगळं थिएटर मास्कमधून खुदुखुदू हसत होतं. पण ती पहिली काही मिनिटं गेली आणि मग खूप वेळ कुणी हसलं नाही. तेव्हा मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं, फक्त मला ते नीट मांडता आलं नसतं.

---

अर्धवट_पुणेकर

मूळ प्रश्नच चुकीच्या चित्रपटाला विचारला आहे. गिनतामाचा शेवट २०१३ सालीच झाला. 'कांकेत्सू-हेन', 'योरोझुया कायमचे' वाला चित्रपट (योरोझुया म्हणजे तिघांचं ते दुकान). कथा खुद्द सोराचींची. गिनतोकीला एक यंत्र पाच वर्षं पुढे नेऊन टाकतं, आणि ते यंत्र म्हणजे थिएटरात चोरून चित्रीकरण करू नका म्हणून दाखवतात तो कॅमेरा डोक्याचा माणूस! म्हणजे मालिका जिथे बसून बघताय त्या थिएटरच्या जाहिरातीवरच विनोद. पुढे शहर उजाड, पांढरी साथ पसरलेली, शिनपाची आणि कागुरा मोठे झालेले आणि एकमेकांशी बोलेनासे झालेले. आता बघा, इथेही काळाची उडी आहे, इथेही तिघं विखुरलेले आहेत. मग इथे का चालतं? कारण गिनतोकी वेश पालटून त्याच दोघांबरोबर पुन्हा काम करायला लागतो आणि अर्धा वेळ ते एकमेकांना चिमटे काढत असतात. विखुरलेपण दाखवायचं असेल तर ते तिघांना एकत्र ठेवूनच दाखवता येतं. शेवटी अख्खं काबुकीचो त्याच्यासाठी जुन्या युद्धात धावून जातं. यापुढे काय शेवट हवा?

२०२१ चा मी 'पुरवणी' समजतो. पुरवणी जोडली म्हणून मुख्य उत्तरपत्रिका बाद होत नाही.

(अवांतर: 'धागाकर्ती' नाशिकची आहे म्हणून सौम्य भाषेत लिहिलंय.)

---

भुसावळ_जंक्शन

पुणेकरांनी शेवट कधी झाला हेसुद्धा ठरवून टाकलं. धन्य.

---

खवचट_काकू

माझा मुलगा बघायचा म्हणून स्वयंपाकघरातून अर्धवट ऐकत ऐकत मी ही मालिका बघायला लागले, वय विचारू नका. मला त्या अल्ताना-बिल्तानाचं काही कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही. माझा जीव हासेगावावर. नोकरी गेलेला, बायको माहेरी गेलेली, काळा चष्मा लावून पार्कात खोक्यात राहणारा. कुणीतरी नोकरी देतं आणि भाग संपायच्या आत ती जाते. आमच्या ओळखीत कंपनी बंद पडल्यावर असाच एक जण सकाळी डबा घेऊन निघायचा आणि बागेत बसून यायचा, म्हणून मला तो विनोद कधी नुसता विनोद वाटला नाही.

तर कुंपणावरची, तुझं दुखणं मला कळतं. शेवटाला सगळं जग वाचवतात, पण हासेगावाला नोकरी लागली का ते सांगायला कुणाला वेळ आहे? मला ग्रह वाचलेला नको, मला त्याचं खोकं बघायचं होतं. शिनसेनगुमी या पोलीस दलाचा, मधाने माखलेला कोंदो झाडाला चिकटून उभा, ओकिता भुंग्याच्या वेशात, हिजिकाता झाडाला मेयोनीज फासतोय, आणि हे कशासाठी तर शोगुनचा एक भुंगा हरवला म्हणून! असली माणसं शेवटी गंभीर तोंडं करून ओळीत उभी राहिली की मला परक्या लग्नात गेल्यासारखं होतं.

गिनतोकी मेला नाही ना, मग बास. पण बाई, जेवण टाकून रडू नये. शोगुनसाठी तर नाहीच.

---

कुंपणावरची

काकू, तुम्ही दोन परिच्छेदांत जे सांगितलंत ते मला वर पानभर लिहून सांगता आलं नाही. हासेगावाचं खोकं!

@अर्धवट_पुणेकर, २०१३ चा आम्ही २६५ भागांनंतर क्रमाने बघितला, आणि तेव्हा तो एवढा आवडला की आतेबहिणीने "इथेच थांबू या का?" विचारलंही होतं. मीच हट्टाने पुढे नेलं. पण तिथे थांबलो असतो तर शिगेशिगेचं मरण राहिलं असतं, आणि ते मला सोडायचं नाही. त्यामुळे तुमची 'पुरवणी' मला अर्धीच मान्य. २०१५-१६ चं सगळं उत्तरपत्रिकेत घ्या, शिनसेनगुमी एदो सोडून जातात तिथपर्यंत. त्यापुढचं काय ते पुरवणीत.

@ओसाकास्थित, तो उलटा क्रम मला माहीतच नव्हता. आम्ही दोन तुकडे बघून मग चित्रपट लावला, तरी ही गत. आणि तंजिरोचं ते कार्ड विकायचं झालं तर आधी मला विचारा.

---

ओसाकास्थित

विकणार नाही. आणि ते संपलं संपलं म्हणता, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गिनपाची-सेन्सेईवर वेगळी मालिका आलीच की. तीच मंडळी शाळेत, गिनतोकी मास्तर. जग वाचवायचं नाही, वर्गात हजेरी घ्यायची. तुम्हाला आणि काकूंना बहुतेक तेच हवं होतं.

---

नवखा_वाचक

धागा वाचून बघायची इच्छा झाली, शेवट कळला तरी. कुठून सुरू करू? ३६७ बघूनच धडकी भरली.

---

खवचट_काकू

पहिले दोन भाग सोड. ते मांगात नाहीत, सगळी पात्रं एकदम अंगावर सोडलीयेत, माझ्या मुलाने तिथेच बंद केलं होतं. तिसऱ्यापासून बघ. आणि पहिले वीस-पंचवीस जरा रेटून काढ, मग आपोआप बसशील.

---

अर्धवट_पुणेकर

आणि २६५ ला थांब.

---

भुसावळ_जंक्शन

अजिबात थांबू नकोस.