शब्दचर्चा : फोटो'वर' रंगवलेलं की फोटो'वरून' रंगवलेलं?

पेठेतला :
मंडळी, एक शब्द अडलाय. माझा मामेभाऊ पेंटर आहे, पुढच्या महिन्यात कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात पाच कॅनव्हास लावतोय. सगळे ऑइलमधले आणि सगळे फोटोग्राफी नुकती जन्माला आली तेव्हाच्या स्टिल लाईफ, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या, फोटोंवरून हातानं काढलेले. एक दागेर या फ्रेंच फोटोवाल्याचा १८३७ चा, प्लॅस्टरची मुंडकी, वेतानं मढवलेली बाटली, फ्रेम, पडदा असा सगळा पसारा. दुसरा त्याच काळातल्या टॅलबट या इंग्रजाचा, फळ्यांवर चिनी मातीची भांडी मांडलेली. आता प्रत्येकाखाली मराठीत चिठ्ठी पाहिजे. पठ्ठ्यानं लिहून आणलं, 'स्थिरचित्र छायाचित्राची हस्तरंगीत प्रतिकृती'. मी दोनदा वाचलं तरी भिंतीवर नक्की काय टांगलंय ते मलाच कळंना. काय लिहावं?

खोडरबर :
'स्थिरचित्र' बरोबर आहे की. ग्रेड परीक्षा दिलेल्या सगळ्यांना आठवत असेल, एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र. आमच्या मनात तेव्हापासून स्थिरचित्र म्हणजे टेबलावर चादर, तांब्या, दोन कांदे आणि एक वांगं. फ्रेंच लोक याला 'नात्यूर मोर्त' म्हणतात, म्हणजे मेलेला निसर्ग. आपल्या शब्दात निदान कांदे जिवंत आहेत.

इंटरव्हल :
खोडरबर, शाळेत ठीक, पण ही कोल्हापूरची गोष्ट आहे भावा. इथं सिनेमाच्या माणसाला 'स्टिल' म्हटलं की शूटिंगचा फोटोच आठवतो, श्रेयनामावलीत 'स्थिर छायाचित्रण' असं लिहून यायचं ते. त्यामुळं 'स्थिरचित्र छायाचित्र' वाचून अर्ध्या लोकांना वाटेल पिक्चरचे स्टिल लावलेत. मी तर सरळ 'मांडणीचा फोटो' म्हणेन. नाहीतरी स्टिल लाईफमध्ये निम्मं काम मांडणीचंच असतं, दागेरनं काय कमी मांडलंय?

जाता जाता, दागेर आधी नाटकाचे पडदे रंगवायचा, मग डायोरामा (उजेड बदलून देखावा बदलणारे मोठाले रंगीत पडदे) आणि मग कॅमेरा. आपले सिनेमावाले बाबूराव पेंटरही आधी नाटकांचे पडदे रंगवायचे आणि मग कॅमेरा स्वतः बनवला. मूळ आडनाव मेस्त्री, त्याचं 'पेंटर' झालं ते कायमचंच. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

रंकाळाकाठ :
खरी गडबड 'हस्तरंगीत'मध्ये आहे. त्याचा अर्थ फोटो छापून झाल्यावर त्याच्यावर हातानं रंग दिलेला. आमच्या आजीच्या लग्नाचा फोटो तसा आहे, स्टुडिओवाल्यानं साडी हिरवी केलीय आणि गाल गुलाबी, मूळ साडी कसल्या रंगाची होती ते आजीला पण आठवत नव्हतं. तिथं खाली फोटोच आहे, वर रंग. तुमच्या भावाच्या कॅनव्हासखाली फोटो नाहीच, त्यानं बघून काढलंय. म्हणजे एक झालं फोटोवर रंगवलेलं, दुसरं फोटोवरून रंगवलेलं. एवढ्या 'ऊन'वर सगळा फरक आहे आणि आपण मोठमोठे संस्कृत शब्द शोधत बसलोय.

बारा बलुती :
सहमत. आता प्रतिकृती. प्रतिकृती ताजमहालची असते, किल्ल्याची असते, वस्तूसारखी वस्तू. दागेरचा मूळ फोटो म्हणजे चांदी चढवलेला तांब्याचा पत्रा, आरशासारखा चमकणारा. तसला पत्रा केला तर ती प्रतिकृती. कॅनव्हासवर तेलरंगात केलं की वस्तूच बदलली.

'प्रत' पण जपून वापरा. टॅलबटच्या पद्धतीत कागदी निगेटिव्ह होती, एकीवरून पाहिजे तेवढ्या प्रती. दागेरच्या पत्र्याला निगेटिव्ह नाही, एकच नग. त्याचं चित्र छापायचं तर कुणीतरी बघून हातानं परत काढायचं, तेव्हा लिथोग्राफवाले, म्हणजे दगडावर चित्र काढून छापणारे, तेच करायचे. म्हणजे तुमच्या भावाचं काम त्या काळाला धरूनच आहे.

मला विचाराल तर 'नक्कल' वाईट नाही. आता नक्कल म्हटलं की लबाडी किंवा मिमिक्री वाटते, पण कोर्टकचेरीत अजून नक्कल म्हणजे सरळ कॉपी, अर्ज करून मिळते. आणि 'उतारा' आहेच, सातबाऱ्याचा. चित्र 'उतरवणे' हा प्रयोग त्याच घरातला. 'फोटोवरून उतरवलेलं' कसं वाटतं?

इंटरव्हल :
उतारा लिहू नका फक्त, लोक लिंबू शोधतील.

टॅलबटच्या भांड्यांना मात्र कोर्टाचीच भाषा शोभते. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की ही भांडी चोरीला गेली तर हा फोटो कोर्टात मुका साक्षीदार म्हणून दाखवता येईल. सरळ 'मुद्देमाल' लिहा 😄

खोडरबर :
'उतरवलेलं' मला पटतं पण एक विचारतो, भावानं रंग घातलेत का? कारण त्या काळच्या प्लेटला निळा उजेड तेवढा नीट कळायचा, तांबडा जवळजवळ नाहीच, म्हणजे लाल सफरचंद काळंकुट्ट आणि निळं फडकं पांढरंफटक. बघून रंग कळणारच नाही. राखाडीत केलं असेल तर उतरवलेलं. रंगीत केलं असेल तर रंग त्याच्या पदरचे, मग 'फोटोवर बेतलेलं' म्हणा.

पेठेतला :
विचारून आलो. चार राखाडीत आहेत. पाचवा टॅलबटचा फळांच्या टोपलीचा, त्यात अननस रंगवायचा मोह आवरला नाही म्हणे, पिवळा केलाय. मग चौघांखाली 'दागेर, १८३७, मांडणीच्या फोटोवरून उतरवलेलं, कॅनव्हासवर तेलरंग' अशा धर्तीवर आणि अननसाखाली 'फोटोवर बेतलेलं'. भाऊ म्हणतोय चिठ्ठी तीन बोटं रुंद आहे, एवढं मावणार कुठं. ते त्याचं तो बघेल.

रंकाळाकाठ :
'दागेर' असंच लिहा पण, मागं एका ठिकाणी 'डॅगुएर' वाचलेलं, जेवताना आठवतं अजून.