अनुभव धागा : एल्वश – पोर्तुगालच्या स्पेन सीमेवरचं तटबंदीचं गाव

एल्वश (नकाशात ‘एल्वास’ असंही दिसेल) म्हणजे आलेंतेजु प्रांतातलं सीमेवरचं लष्करी ठाणं. 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे. लिस्बनची पुस्तिका चाळून ‘अवश्य पाहा’ लिहिणारे खूप आहेत. इथे ज्यांना गाव नीट माहीत आहे त्यांनी नेमकं लिहा : काय, कुठून, कोणत्या क्रमाने आणि कुठे फसायला होतं.

प्रतिसाद १ : पोचणं

लिस्बनहून अंतर साधारण 200 किमी. रेल्वेपेक्षा बस सोयीची. रेल्वेगाड्या मोजक्या आहेत आणि स्टेशन गावाबाहेर खाली, तटापासून तीनेक किमीवर. सामान घेऊन तो चढ उन्हात चढायचा नसेल तर टॅक्सी आधीच ठरवा.

स्पेनमधलं बादाखोस अगदी जवळ. तिकडून येणाऱ्यांचा गोंधळ घड्याळात होतो. पोर्तुगाल स्पेनच्या एक तास मागे आहे, त्यामुळे येताना तास मिळतो आणि परतीची बस चुकते. सीमेवर मोबाइल कधी या देशाचं नेटवर्क पकडतो, कधी त्या. बसची वेळ कागदावर लिहून ठेवा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, दुपारच्या जेवणाला इतर ठिकाणंही.

प्रतिसाद २ : तट कसा बघायचा

वसईचा किल्ला पाहिलेल्यांना इथलं निम्मं काम सोपं. बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले बुरूज दोन्हीकडे आहेत, पण एल्वशमध्ये त्यांचा व्याप फार मोठा आहे. कोरड्या खंदकाची बुरूजबंद तटबंदी म्हणून हिची गणना जगातल्या सर्वांत मोठ्यांत होते.

1640 मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून वेगळा झाला आणि सीमेवरचं हे गाव उघडं पडलं. कोसमांडर नावाच्या डच जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघातल्या) गणितज्ञाने 1643 पासून आखणी केली. जुने मध्ययुगीन तट उंच आणि पातळ असत, तोफेचा गोळा लागला की ढासळत. नवे तट बुटके, जाड आणि आत मातीने भरलेले. गोळा मातीत रुततो. बुरुजाच्या बाजूच्या तोंडावरून शेजारच्या भिंतीचा पायथा माऱ्यात येतो, म्हणून शत्रूला दबून बसायला कोपरा उरत नाही. (वसईत चिमाजी अप्पांच्या फौजेने 1739 मध्ये बुरुजाखाली सुरुंग लावले. असा तट वरून फोडणं अवघड, हे त्यातही दिसतं.)

चूक एकच होते : लोक आतल्या गल्ल्यांतून फिरतात आणि ‘तट कुठे आहे?’ विचारतात. आतून तो मातीचा उंचवटाच वाटतो. एखाद्या वेशीतून, उदाहरणार्थ ओलिवेंसा वेशीतून, बाहेर पडा. वेशीतली वाट वाकडी आहे, सरळ गोळी आत येऊ नये म्हणून. मग खंदकाच्या पलीकडून कडेकडेने चाला. बूट चांगले हवेत, गवतात दगड लपलेले असतात.

प्रतिसाद ३ : आमोरेइरा जलवाहिनी

गावात विहिरींचं पाणी पुरेना, म्हणून 16व्या शतकात काम काढलं. आखणी फ्रांसिस्कु द आरूडा यांची, लिस्बनचा बेलेंचा मनोरा बांधणारेच. पाणी गावात पोचलं 1622 मध्ये. मधली नव्वदेक वर्षं कुठे गेली? पैसा संपत होता. खाण्यापिण्याच्या जिनसांवर खास पाणीपट्टी बसवून काम रेटलं.

लांबी सातेक किमी, कमानी 843, सर्वाधिक उंची 31 मीटर. सुरुवातीचा काही भाग जमिनीखालून येतो. पाट सतत हलक्या उतारानेच वाहायला हवा आणि गावाच्या आधी दरी आडवी येते. म्हणून तिथे कमानींवर कमानी, चार मजल्यांपर्यंत. खांबांना टेकलेले गोलाकार धिरे जवळ जाऊन बघा. एवढी उंच, अरुंद भिंत बाजूला कलू नये म्हणून ते आहेत. पूर्ण लांबी चालत बसू नका, मजा गावाजवळच्या शेवटच्या टप्प्यात आहे.

प्रतिसाद ४ : वरच्यात भर

जलवाहिनी तटाबाहेर आहे. वेढा पडला की शत्रू पहिली तीच तोडणार. म्हणून 17व्या शतकात तटाच्या आत, एश्किना वेशीजवळ, मोठी टाकी बांधली. बहुतेक प्रवासी तिच्यावरून सरळ पुढे जातात.

प्रतिसाद ५ : दोन किल्ले

दक्षिणेचा सांता लुझिया (1641–48) पायी जमतो. चार टोकांचा, आत संग्रहालय. तो आधी करा, कारण आकार डोळ्यांत मावतो.

उत्तरेच्या टेकडीवरचा ग्रासा मात्र वेगळं प्रकरण. टेकडी गावापेक्षा उंच. 1658–59 च्या वेढ्यात स्पॅनिश फौज त्याच टेकडीवर बसली होती. 14 जानेवारी 1659 च्या लढाईत वेढा उठला, एल्वशला आजही त्या तारखेला सुट्टी असते. पण टेकडी मोकळीच राहिली. अखेर पोर्तुगीज सैन्याचे जर्मन सेनापती काउंट लिपे यांच्या सल्ल्याने 1763 मध्ये काम सुरू झालं, 1792 मध्ये संपलं. संरक्षणाचे एकात एक तीन थर : बाहेरची बांधकामं, चार बुरुजांचा चौकोन आणि मधोमध गढी. गढीत खाली चॅपेल, वर किल्लेदाराचं घर. बाहेरचा भाग पडला तरी आतून लढता यावं, हा हिशेब. पुढे तुरुंग झाला, 2015 मध्ये डागडुजी होऊन खुला झाला. दोन तास धरा. उन्हाळ्यात दहाच्या आत वर पोचा, पारा चाळिशी गाठतो आणि वाटेत सावली नाही.

प्रतिसाद ६ : गावातलं एकच ठिकाण निवडायचं तर

सांता क्लाराचा छोटा चौक. मध्ये शिक्षेचा संगमरवरी खांब, वर लोखंडी हूक अजून आहेत. मागे मूरकालीन (मुस्लिम राजवटीतल्या) वेशीची कमान. शेजारचं दोमिनिकन पंथाच्या जोगिणींचं अष्टकोनी चर्च बाहेरून मुकाट दिसतं, आत गेल्यावर रंगवलेले खांब आणि घुमटापर्यंत निळ्या-पिवळ्या फरशा.

प्रतिसाद ७ : खायला

सेरिकाया हा गोड पदार्थ मागा. अंडी, दूध, साखर, थोडं पीठ आणि वर दालचिनीचा जाड थर. भाजताना वरचा भाग तडकतो, तो तडकायलाच हवा, कारण एल्वशच्या आलुबुखाराचा पाक त्या भेगांतून आत उतरतो. ही फळं रेन क्लोद जातीची, हिरवीच, पाकात मुरवलेली. पाकातली बरणी नेणार असाल तर हातातल्या बॅगेत नको, विमानतळावर काढून घेतील. कोरडी, डब्यातली घ्या.

प्रतिसाद ८ : गाडी असेल तर

उत्तरेला कास्तेलु द विद, हेही सीमेजवळचंच. गार्सिया द ओर्ता इथला. स्पेनमधून हाकललेल्या ज्यू कुटुंबातला हा वैद्य पुढे गोव्यात राहिला, मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं आणि औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. गावातल्या ज्यू आळीत जुनं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे, गल्ली इतकी उभी की गाडी खालीच लावा.

दक्षिणेला ग्वादियाना नदीवरचा आजुदा पूल. 1709 मध्ये स्पॅनिश फौजेने उडवला, तो तसाच तुटका उभा आहे. पलीकडे ओलिवेंसा गाव. 1801 पासून ताबा स्पेनचा, पोर्तुगालने तो कधी मान्य केलेला नाही. नदी ओलांडायला शेजारी नवा पूल आहे, जुन्या पुलाचं टोक अचानक संपतं, मुलांना आवरा.