टोपणनावामागचे मुख्याध्यापक: पुरावा, तक्रार आणि आपली मदत

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

मंडळी, नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या ज्या अनुदानित माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयाला आपण अमेरिकेतून मदत करतो, तिथलं प्रकरण बऱ्याच जणांच्या कानावर आलंय. स्थानिक बातम्यांच्या यूट्यूब व्हिडिओंखाली एका टोपणनावाच्या खात्यावरून पालकांवर आणि शिक्षिकांवर घाणेरड्या कॉमेंट पडत होत्या. एकीत एका विद्यार्थ्याच्या आजाराचा उल्लेख आहे, दुसरीत एका मुलीला जातीवरून टोमणा आहे. गेल्या आठवड्यात त्याच खात्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ चढला आणि काही तासांत उतरला. खातं मुख्याध्यापकांचंच, असं पालक म्हणतात. आपल्याकडे तीन सूचना आल्यात: स्क्रीनशॉट सगळ्या ग्रुपवर टाकावेत, वर्तमानपत्राला द्यावेत, मदत थांबवावी. जाणकारांनी कृपया लिहावं.

---

प्रेषक: अण्णा (सॅन होजे)

वैनी, स्क्रीनशॉट कुठेही टाकू नका. पुरावा मात्र आजच जमवायला सांगा. कॉमेंट लिहिणारा ती कधीही बदलू किंवा पुसू शकतो, आणि खातंच बंद केलं तर सगळं एकदम जातं.

नुसता स्क्रीनशॉट का पुरत नाही? यूट्यूब कॉमेंटची तारीख दाखवत नाही, ‘3 महिन्यांपूर्वी’ एवढंच दाखवतं. चित्र कधी घेतलं याची नोंद नसेल तर तारीख काढताच येत नाही. संगणकावर व्हिडिओ उघडा, कॉमेंट करणाऱ्याच्या नावाशेजारी दिसणाऱ्या त्या वेळेवर क्लिक करा. त्या एका कॉमेंटचा स्वतंत्र पत्ता वरच्या पट्टीत येतो, तो पूर्ण उतरवून घ्या. मग नावावर क्लिक करून चॅनेलचं पान उघडा. तिथलं हँडल (@ लावून दिसणारं नाव) मालकाला बदलता येतं, पण ‘यूसी’पासून सुरू होणारा 24 अक्षरांचा चॅनेल आयडी बदलत नाही. पुढे कंपनीकडे माहिती मागायची झाली तर हाच आयडी लागतो. बहुतेक तक्रारींत तो नसतो, नुसतं टोपणनाव असतं, आणि तोवर ते नाव बदललेलं असतं.

यानंतर सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करा: आधी संगणकाचं घड्याळ आणि तारीख, मग पत्त्याची पट्टी, मग कॉमेंट, मग चॅनेल. मध्ये कापायचं नाही. फाइल तयार झाली की लगेच तिचा एसएचए-256 हॅश काढा, म्हणजे फाइलचा आकडे-अक्षरांतला ठसा; फाइल जराही बदलली की तो बदलतो. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासून असते. हॅश, वेळ आणि कोणत्या यंत्रावर काढला ते वहीत लिहून सही करा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते, हॅश बदलतो आणि मूळ फाइलशी मेळ बसत नाही. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा.

हे सगळं कोल्हापुरातल्या पालकानेच करावं, आपल्यापैकी कुणी नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश लिहायचा असतो. जुन्या कायद्यात हेच कलम 65-ब होतं. जालन्याच्या निवडणुकीवरून चाललेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं नसेल तर हे प्रमाणपत्र सक्तीचं, असं स्पष्ट केलं. प्रमाणपत्र देणारा कॅलिफोर्नियात आणि सुनावणी कोल्हापुरात, असं झालं तर साक्षीसाठी विनाकारण खोळंबा होईल.

आता ओळखीचं. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ हा दुवा आहे, शाबिती नव्हे. शाळेचा एकच फोन कारकून, शिक्षक, मुख्याध्यापक असे तिघे वापरत असतील तर? आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) मिळाला तरी शाळेचं वायफाय असेल तर सगळे एकाच पत्त्यामागे दिसतात. मोबाइल नेटवर तर एकाच वेळी असंख्य ग्राहक एका आयपीवर असतात. तिथे पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. शिवाय कंपनीच्या नोंदी जागतिक वेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे राहिले की भलत्याच माणसाचं नाव पुढे येतं.

कुणी उत्साहाने त्या खात्याचा पासवर्ड बदलून बघायचा प्रयत्न करत असेल तर आत्ताच थांबवा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली गुन्हा आहे. मग चौकशी मुख्याध्यापकांची राहत नाही, पालकाची होते.

---

प्रेषक: आबा (राजारामपुरी, कोल्हापूर)

अण्णांनी लिहिलंय ते बरोबर. पण कंपनीकडून नाव येईपर्यंत थांबायचं कारण नाही. खात्याअंतर्गत चौकशीला फौजदारी खटल्याइतकी कडक शाबिती लागत नाही. एकत्र पाहता शक्यता कुणीकडे झुकते, तेवढं पुरतं. आणि मुख्याध्यापकाला थेट लेखी विचारता येतं, ‘हे खातं तुमचं आहे का?’ ही साधी गोष्ट संस्थाचालक विसरतात आणि सायबर तज्ज्ञ शोधत बसतात.

शाळा खासगी अनुदानित आहे, म्हणजे 1977 चा एमईपीएस कायदा (महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा) आणि त्याची 1981 ची नियमावली लागू. शिक्षा करायचा अधिकार संस्थेला आहे, शिक्षणाधिकाऱ्यांना नाही. तरी अर्ज दोघांना द्या: संस्थेच्या अध्यक्षांना, आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, कोल्हापूर यांना. प्रत शिक्षण उपसंचालकांना. दोन्हीकडे आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्या. पोच नसलेला अर्ज कपाटातच राहतो.

नियम 36 प्रमाणे आधी आरोपांचं निवेदन देऊन खुलासा मागवायचा, त्याला 7 दिवस. समाधान झालं नाही तर चौकशी समिती. मुख्याध्यापकासाठी तिच्यात तिघं असतात: संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापकाने सुचवलेला कुठल्याही खासगी शाळेतला कर्मचारी, आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांच्या यादीतला एक. चौकशीला 120 दिवसांची मुदत. माणूस घरी बसतो की परत खुर्चीवर येतो, ते इथे ठरतं. कलम 9 खाली 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, आणि समितीची रचना चुकली, आरोप मोघम निघाले किंवा साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ दिली नाही, की आदेश रद्द होतो. मग मागचा पगार देण्याची पाळी येते. निलंबनाची घाई करून पूर्वमंजुरी घेतली नाही तर निर्वाह भत्ता संस्थेच्या अंगावर पडतो. न्यायाधिकरणानंतरचा रस्ता आता जवळ आलाय, ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

म्हणून आरोप कसा लिहायचा ते महत्त्वाचं. ‘मुख्याध्यापकांनी समाजमाध्यमावर अशोभनीय वर्तन केलं’ हे वाक्य टिकत नाही. प्रत्येक कॉमेंटचा वेगळा आरोप करा: मजकूर जसाच्या तसा, पत्ता, पाहिल्याची तारीख, कुणाबद्दल, आणि त्याने मुख्याध्यापक म्हणून कोणतं कर्तव्य मोडलं. आजाराची कॉमेंट सगळ्यांत वर घ्या. ती माहिती शाळेला कुठून कळली? पालकांनी दिलेल्या वैद्यकीय दाखल्यातून की रजेच्या अर्जातून? तो कागद कुणाकुणाच्या हातातून गेला? हे कागदावर दाखवता आलं तर टोपणनावामागचा माणूस शाळेतलाच, हे कंपनीच्या उत्तराशिवाय दिसतं. मूल 14 च्या आत असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 जोडा, मानसिक छळाला तिथे स्पष्ट मनाई आहे आणि सेवानियमांप्रमाणे कारवाईची तरतूद आहे.

जातीच्या टोमण्याचं पाऊल त्या मुलीच्या आईवडिलांनी ठरवायचं, आपण नाही. कुटुंब अनुसूचित जाती-जमातीतलं असेल आणि गुन्हा नोंदवायचं ठरलं, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. ती जास्तीची मागणी नव्हे, नियमच आहे.

आणि ग्रुपवर टाकायचं म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो. 2023 च्या 7 जूनला नुसत्या स्टेटसवरून या शहरात बंद, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. तालमींच्या ग्रुपवर एकदा गेलेली गोष्ट कुणाच्या हातात राहत नाही. त्या स्क्रीनशॉटमध्ये त्या मुलाचा आजारही आहे, तो आपणच गावभर करणार का?

---

प्रेषक: अक्का (एडिसन)

आबा, मनापासून पटलं. काहींनी ‘निनावी लिहिलं हाच गुन्हा’ असं म्हटलंय, त्याबद्दल थोडं. तसं नाही, इथेही नाही आणि तिकडेही नाही. ओहायोत मार्गारेट मॅकइंटायर या बाईंनी शाळेच्या कराविरुद्ध नाव न घालता पत्रकं वाटली, त्यांना 100 डॉलर दंड झाला, आणि 1995 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चुकीचा ठरवला. उलट न्यू ऑर्लिन्समध्ये सरकारी वकील सॅल पेरिकोन टोपणनावांनी कॉमेंट करत होते, त्यांना 2012 मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि पुढच्या वर्षी डॅन्झिगर पुलावरच्या पोलीस गोळीबाराच्या खटल्यातल्या पोलिसांच्या शिक्षा रद्द होऊन फेरसुनावणीचा आदेश झाला. तिथे नडलं ते हे, की ज्या यंत्रणेत ते अधिकारावर होते तिच्याच खटल्यांवर ते लपून लिहीत होते.

भारतातही माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा करणारं) 2015 मध्ये रद्द झालं, त्यामुळे नुसती लागट कॉमेंट पोलिसांचा विषय नाही. बदनामी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 356, आणि ती अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात फेऱ्या मारण्यापेक्षा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागते. दिवाणी दाव्याची मुदत फक्त 1 वर्ष, ती शिक्षिकांना नक्की सांगा. मुख्याध्यापकांनी सरकारी धोरणावर टोपणनावाने टीका केली असेल तर ती कॉमेंट तक्रारीत घेऊच नये. त्याने तक्रार पातळ होते आणि सूडाची दिसते. ज्यांचे दाखले मुख्याध्यापकांच्याच सहीने निघतात त्यांच्यावर त्यांनी लिहिलं, त्या कॉमेंट तेवढ्या ठेवा.

यूट्यूबकडे ‘रिपोर्ट’ करायचं ते रेकॉर्डिंग झाल्यावरच. तक्रारीवरून कॉमेंट काढली तर 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे कंपनीला ती माहिती 180 दिवस जपून ठेवावी लागते, पण लिहिणाऱ्याने स्वतः पुसली तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

माहिती अधिकाराचा अर्जही तिकडच्या पालकांनीच करावा, कारण तो फक्त भारतीय नागरिकाला करता येतो, ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. तक्रारीवर काय कार्यवाही झाली, एवढंच मागावं.

---

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

सर्वांचे आभार. आबांच्या शब्दाला मान देऊन या मेल यादीवर आलेले दोन्ही स्क्रीनशॉट काढून टाकलेत. ज्यांच्या मेलमध्ये ते उतरलेत त्यांनीही पुसावेत.

मदतीबद्दल खजिनदारांशी बोलले. परदेशी देणगी म्हणून संस्थेच्या एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या) खात्यात गेलेली रक्कम ज्या कामासाठी दिली त्याच कामाला वापरावी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे ‘परत घ्या, दुसऱ्या शाळेला द्या’ हे होणार नाही. ग्रंथालय मुलांचं आहे, ते चालू राहील. पुढचा हप्ता मात्र चौकशी समिती नेमल्याचं पत्र आल्यावर जाईल, आणि खर्चाच्या पावत्यांवर मुख्याध्यापकांऐवजी संस्थेच्या सचिवांची सही मागू. अण्णा, रेकॉर्डिंगच्या पायऱ्या एका पानात लिहून आबांकडे पाठवाल का? पालक शनिवारी त्यांच्याकडे जमणार आहेत.