तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून हँडलोड ठरवता येतो का?

पितळी पुंगळी (धागा सुरू करणारा):

शिकारीच्या रायफलीसाठी अचूक हँडलोड, म्हणजे स्वतः हाताने भरलेल्या काडतुसाचा नेमका मेळ, शोधण्याची रूढ रीत आपल्या सर्वांच्या हाताखालून गेली आहे. एक गोळी आणि एक दारू निवडायची, भरणी-पुस्तिकेतील सुरुवातीच्या मापापासून कमाल मापापर्यंत अर्ध्या अर्ध्या ग्रेनने (ग्रेन हे दारू तोलण्याचे बारीक एकक) चढत जायचे, प्रत्येक मापाची तीन काडतुसे भरायची आणि १०० यार्डांवर ज्या मापाने सर्वांत लहान ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, दिला ते वहीत लाल शाईने अधोरेखित करायचे. मी अनेक वर्षे हेच केले. आता मात्र माझे मत असे झाले आहे की या रीतीने आपण लोड शोधत नाही, सोडत काढतो.

मत बदलण्याचे कारण सांगतो. गेल्या हंगामाआधी मी एकाच लोडची ३० काडतुसे भरली आणि नळी दर वेळी थंड होऊ देत ती तीन-तीनच्या दहा ग्रुपांत झाडली. सर्वांत लहान ग्रुप अर्ध्या इंचाचा आला, सर्वांत मोठा पावणेदोन इंचांचा. दारू तीच, गोळी तीच, खांदाही तोच. हेच दहा ग्रुप दहा वेगवेगळ्या मापांचे असते, तर अर्ध्या इंचाच्या मापाला मी निःशंकपणे विजेता ठरवले असते. गणितही याला दुजोरा देते: गोळ्या केवळ यदृच्छेने विखुरतात असे धरले, तर एका दिशेतील प्रमाण विचलनाच्या (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याच्या सांख्यिकीय मापाच्या) तुलनेत तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी रुंदी सुमारे २.४ पट, पाचांची ३.१ पट आणि दहांची ३.८ पट भरते. म्हणजे तीन गोळ्यांवर ‘एक इंची’ म्हणून मिरवणारी रायफल दहा गोळ्यांवर सहज दीड इंचाच्या पुढे जाते, आणि त्यात तिचा काहीच दोष नसतो.

रानवाट:

आपले गणित मला मान्य आहे, पण आपली रायफल शिकारीची आहे हे त्यात कुठेच दिसत नाही. हरणासारख्या जनावराच्या मर्मस्थानाचा व्यास ढोबळमानाने आठ इंच धरला जातो. दीड मिनिटाची (इथे मिनिट हे कोनाचे माप, १०० यार्डांवर सुमारे एक इंच) रायफल २०० यार्डांवर सुमारे तीन इंचांत गोळ्या टाकते, त्यामुळे अर्धा इंच आणि पाऊण इंच यांतील फरक सिद्ध करण्यासाठी पेटीभर काडतुसे जाळण्याचे प्रयोजन मला कळत नाही. शिवाय शिकारी रायफलीची नळी बारीक असते. सलग दहा गोळ्या झाडल्या, तर तापलेल्या नळीचे वागणे, तिच्यावरून उठणाऱ्या हवेतून दुर्बिणीत थरथरणारे लक्ष्य आणि धक्क्याने दुखावलेला खांदा या तिन्ही गोष्टी कागदावर उमटतात. लोड त्यांच्याखाली कुठेतरी दबलेला असतो. रानात पहिली थंड गोळीच महत्त्वाची ठरते, क्वचित दुसरी.

पितळी पुंगळी:

फरक इतका क्षुल्लक असेल, तर सर्वांत लहान ग्रुप निवडण्याचा आग्रह तरी कशासाठी? तीन गोळ्यांचा एक उपयोग मीही नाकारत नाही. त्या तीन इंचांत पसरल्या तर तो लोड तिथेच बाद करावा, कारण आणखी गोळ्या झाडून ग्रुप लहान होत नसतो. परंतु त्या एकाच भोकात गेल्या म्हणून लोड चांगला ठरत नाही. तीन गोळ्यांना नापास करण्याचा अधिकार आहे, उत्तीर्ण करण्याचा नाही.

वेगमापक:

दोघेही नळीचे कंपन विसरत आहात. गोळी झाडली की नळी थरथरते, आणि गोळी तोंडाबाहेर पडते त्या क्षणी तोंड आपल्या झोक्याच्या टोकाशी असेल, तर वेगातील लहानसहान फरक लक्ष्यावर जाणवत नाहीत. क्रेटन ऑडेट यांच्या नावाने ओळखली जाणारी शिडी-चाचणी यावरच उभी आहे: माप थोडेथोडे वाढवत एकेक गोळी दूरच्या लक्ष्यावर झाडायची आणि लागोपाठची मापे जिथे एकाच उंचीवर पडतात ती जागा धरायची. माझ्या वेगमापकावरही अशी सपाट जागा दिसते, आणि तिथे पाच गोळ्यांच्या वेगाचे प्रमाण विचलन अवघे १० फूट प्रतिसेकंद असते.

कोरा कागद:

नळी कंप पावते याबद्दल वाद नाही. ती सपाट जागा दुसऱ्या दिवशी त्याच मापावर पुन्हा सापडते का, हा प्रश्न आहे. एकेका गोळीने काढलेल्या आलेखात केवळ योगायोगानेही सपाट पट्टे दिसतात. पाच गोळ्यांवर १० फुटांचे विचलन आले, तर खरे विचलन ६ पासून जवळजवळ २९ फुटांपर्यंत कुठेही असू शकते. ९५ टक्के विश्वासमर्यादा एवढी रुंद आहे. त्यातही ३०० यार्डांपर्यंत या आकड्याचे महत्त्व फार नाही. .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसात वेग १० फुटांनी कमी-अधिक झाला, तर त्या अंतरावर गोळी एक सेंटिमीटरही वर-खाली होत नाही.

जाता जाता एक सूचना. सपाट जागेच्या शोधात कमाल मापापलीकडे जाऊ नये. .३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकी मानकाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडातील, दारू पेटवणारी टोपी) चपटा झाला की नाही एवढे पाहून दाब मोजता येत नाही.

वेगमापक:

त्याच मापावर? चार वेळा पाहिली, तीनदा सापडली. चौथ्या वेळी थंडी होती.

रानवाट:

माझा अनुभव असा की दारूच्या अर्ध्या ग्रेनने जेवढा फरक पडत नाही तेवढा गोळीचा प्रकार बदलल्याने पडतो. आणि त्याही आधी दस्त्याचे आणि दुर्बिणीच्या पकडीचे स्क्रू तपासावेत. सैल पकडीवर महिनाभर लोड शोधणारे मी पाहिले आहेत.

पुंगळीसाहेबांसाठी एक प्रस्ताव. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या मध्यम मापावर भरून, तीन-तीन गोळ्यांवर नापास होणाऱ्या काढून टाका. उरलेल्या लोडची रोज एकच थंड गोळी, असे दहा दिवस, त्याच कागदावर झाडा. दहा गोळ्या आपल्याला मिळतील, थंड नळी मला.

पितळी पुंगळी:

हा प्रस्ताव मला मनापासून पटला. दहा दिवसांचा वारा, उजेड आणि माझे हातही त्यात मिसळतील, पण रानात ते सोबत असतातच. त्या दहा छिद्रांच्या मध्यावर दुर्बीण जुळवली, तर तीन गोळ्यांच्या मध्यापेक्षा ती पुष्कळ अधिक भरवशाची असेल.

कोरा कागद:

एक अट घालावी. ‘ही माझी चूक होती’ असे म्हणून कोणतेही छिद्र वगळायचे नाही, निदान चाप ओढताना तसे मोठ्याने म्हटले नसेल तर नाहीच.

पितळी पुंगळी:

ती अट मलाच सर्वांत जड जाणार आहे. आत्ताच वही उघडून पाहिली. लाल शाईच्या नोंदींपैकी निदान दोन अशा आहेत की तिथे ग्रुप प्रत्यक्षात चार गोळ्यांचा होता आणि मी तीनच मोजल्या होत्या.